काटा स्थिर होईपर्यंत

मनुष्य दुःखाला भितो हे खरे. परंतु ज्याने दुःख दिले त्याच्याच दारी तो औषध मागायला जातो आणि मिळालेल्या पुडीबद्दल वर हात जोडतो, हे त्याहून खरे. याला मूर्खपणा म्हणावे, तर तोच मनुष्य बाकीच्या सर्व व्यवहारांत चोख असतो. दुसऱ्याच्या तराजूतला पासंग त्याला लांबून दिसतो. स्वतःच्या पारड्याखाली काय चिकटले आहे ते मात्र त्याला वाकून पाहावेसे वाटत नाही. अशाच एका चोख गृहस्थाची ही हकीकत आहे. तिच्यात त्याची चेष्टा बरीच येईल. पण ती बहुतेक त्याने स्वतःच केलेली आहे. आपण केवळ तिच्या मागून चालायचे.

हे गृहस्थ वजने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत प्रमुख मापक होते. बाजारातला तराजू ज्या वजनाने तपासतात, ते वजन ज्या वजनाने तपासतात, ते त्यांच्या स्वाधीन असे. घराण्याच्या मूळपुरुषाप्रमाणे ते मखमलीच्या पेटीत पहुडलेले असायचे. त्याला बोट लावायचे नाही, कारण बोटाचा ठसाही वजनात धरला जातो. त्याच्यावर तोंड करून बोलायचे नाही, कारण श्वासाला ओल असते. चिमट्याने उचलायचे, काचेच्या कपाटातल्या तुलेच्या पारड्यात अलगद ठेवायचे, आणि काटा झुलून झुलून आपणहून थांबेपर्यंत हात मागे बांधून उभे राहायचे. हे काम त्यांनी उभा जन्म केले होते, आणि शिकायला आलेल्या प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच विचारला होता, "शून्य बघितलंत का?" रिकामी तुला शून्यावर उभी आहे की नाही हे न पाहता जो वजन ठेवतो, त्याला ते मापक म्हणत नसत, काय म्हणत ते येथे लिहिण्यासारखे नाही. यावरून सगळी प्रयोगशाळा त्यांना पाठीमागे 'शून्यराव' म्हणे. त्यांना ते ठाऊक होते, आणि खासगीत ते स्वतःलाही तेच म्हणत. लोक आदराने म्हणत, ते अनुभवाने.

कारण शून्यरावांच्या जिवाला स्वस्थता कशी ती माहीत नव्हती. सकाळी दाराला कुलूप घातले की ते लागले का याची काळजी; लागले असेल तर किल्ली आत राहिली का याची; किल्ली खिशात सापडली, तर आज कोणती काळजी करायची आपण विसरलो याची. मनी वसे ते स्वप्नी दिसे असे म्हणतात. शून्यरावांना जे स्वप्नी दिसे, तेही दुसऱ्या दिवशी मनी वसायला येई. या सर्वांवर त्यांच्याजवळ एकच उतारा होता, आणि तो सदऱ्याच्या खिशात असे.

प्रयोगशाळेच्या मागे पाण्याच्या टाकीला टेकून ते सिगारेट ओढत. तेथे त्यांना सोबत असे ती तापमापक विभागाच्या प्रमुखांची. कोणी 'आग लागली' म्हणून ओरडत आला, तर आधी 'किती अंश?' असे विचारणारा हा पुरुष. त्याला सारे थंडोबा म्हणत.

"लवकर आलात आज," थंडोबा एकदा म्हणाले.

"अहो, काम नाजूक. हात स्थिर नको का?"

"माझं काम कुठे नाजूक आहे? मी नुसता पारा बघतो."

"मग तुम्ही का ओढता?"

थंडोबांनी धूर सोडला, टाकीकडे पाहिले, आणि प्रामाणिकपणे विचार केला. "तुम्ही एकटे उभे राहिलेले बरे दिसत नाही म्हणून."

आता यात एक अडचण होती. सिगारेट ओढून कोणालाही लगेच तुला ठेवलेल्या काट्याच्या खोलीत जाता येत नसे. वास विरावा, अंगाची ऊब निवावी, म्हणून बाहेरच्या बाकावर बसून थांबावे लागे. बसले की विचार येत. विचार आले की जीव कासावीस होई. आणि आत जाण्याची वेळ येई तोवर खिशातली दुसरी सिगारेट हाका मारू लागलेली असे. शून्यराव स्वतःशी म्हणत, 'बघ, कामाचा ताण केवढा आहे! सिगारेट नसती तर तुझं काय झालं असतं?' आणि त्या कल्पनेनेच त्यांना घाम फुटे.

असे बरे चालले असता, बाहेरून एक परीक्षकबाई येणार असा निरोप आला. मूळ वजनाची पडताळणी त्यांच्या डोळ्यांदेखत व्हायची होती. खोलीचे दार एकदा बंद झाले की सारी मोजणी पुरी होईपर्यंत उघडायचे नाही, म्हणजे सकाळपासून दुपार कलेपर्यंत. कारण दार उघडले की हवा बदलते आणि केलेले सगळे पाण्यात जाते. निकाल बिघडला, तर काट्याच्या खोलीची मान्यता जाणार होती. मग मूळ वजन पेटीसकट दुसऱ्या गावी, आणि शून्यराव तक्रारी ऐकण्याच्या मेजावर. त्यांच्या जगात ती खोली हीच एक जागा अशी होती की जिथे हलणारी वस्तू शेवटी थांबत असे. ती गेली, तर उरलेल्या हलत्या जगात आपण कुठे बसायचे हा विचार त्यांना खाऊ लागला.

त्यांनी साहजिकच औषधाची मात्रा वाढवली. दुखणेही साहजिकच वाढले.

घरी त्यांच्या पत्नी नाटकमंडळ्यांच्या पोशाखांवर काचेचे मणी शिवण्याचे काम करीत. जेवणाच्या मेजाचा अर्धा भाग मण्यांनी व्यापलेला असे, आणि उरलेल्या अर्ध्यात ताटे मावत की नाहीत हे ज्याचे त्याने पाहायचे. मुलगा दूरच्या बंदरावर नोकरीला होता. सून मात्र घरातच होती, आणि दैवयोगाने त्याच प्रयोगशाळेत शून्यरावांच्या हाताखाली. घरी ती त्यांना 'बाबा' म्हणे, प्रयोगशाळेत 'सर'. आणि रागावली की दोन्हीकडे काहीच म्हणत नसे. गेले काही दिवस ती काहीच म्हणत नव्हती.

"अहो," पत्नी एकदा सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "तुम्हाला परीक्षेची काळजी आहे की सिगारेटची? काय ते एक ठरवा. दोन सवती एका घरात नांदायच्या नाहीत."

"तुला कळत नाही गं. ती आहे म्हणून तर मी उभा आहे."

"उभे कुठे आहात? सारखे बाहेर तर असता."

शून्यरावांना हे लागले. अडाणी माणूस वाद घालतो, शास्त्र शिकलेला प्रयोग करतो. सुट्टीच्या सकाळी त्यांनी मुद्दाम बराच वेळ सिगारेट ओढली नाही; मग पत्नीच्या मण्यांतले बारीकात बारीक मणी एका बशीत काढले, चिमटा घेतला आणि सासूसुनांना बोलावले. "हे मणी या बशीतून त्या बशीत. नीट बघा."

पहिला मणी पत्नीच्या पायाशी गेला. दुसरा कपाटाखाली. तिसऱ्याने चिमट्यातून जी उडी घेतली ती कुठे संपली हे आजतागायत कोणाला कळलेले नाही.

"आता," शून्यराव विजयी मुद्रेने म्हणाले, आणि सज्जात जाऊन एक सिगारेट ओढून आले. नंतर मणी असे उचलले गेले, की जणू त्यांनाच पलीकडे जायची घाई होती. "झालं सिद्ध? आधीचा हात बघा, नंतरचा बघा. याला म्हणतात प्रमाण!"

पत्नी गुडघ्यांवर बसून कपाटाखाली हात घालत होत्या. "प्रमाण ठेवा तुमच्यापाशी. माझा हिरवा मणी द्या."

सून म्हणाली, "आई, तुम्ही उचलून बघता का जरा?"

"मला वेळ आहे का चाळे करायला?" असे म्हणत पत्नींनी उभ्याउभ्याच चिमटा घेतला आणि, "सकाळची भांडी तशीच पडली आहेत, आणि हे म्हातारपणी मणी खेळतायत," हे वाक्य पुरे होईतो बशी रिकामी करून चिमटा ठेवूनही दिला.

"तिचा हात रोजचा आहे," शून्यराव म्हणाले.

"बरं. मग मी." सुनेनेही मणी उचलले. एकही पडला नाही. "माझा काही मण्यांचा हात नाही, बाबा. आणि मी सज्जात गेले नव्हते."

"तुझं वय लहान आहे."

"असेल. पण तुम्ही शून्य कुठे धरलंत?"

सून हे अगदी हळू बोलली. पण शून्यरावांना वाटले, की आपल्याला कोणीतरी आपल्याच छडीने मारले. हात थरथरत होता, तेथून त्यांनी मोजायला आरंभ केला होता. तो मुळात का थरथरत होता, हे विचारलेच नव्हते. काटा आधीच एका बाजूला कललेला असताना वजन टाकायचे, आणि तो मधे आला की 'काय उत्तम वजन आहे!' म्हणून नाचायचे! असे करणाऱ्या शिकाऊ पोराला त्यांनी खोलीबाहेर काढले असते.

"घरात मी सासरा आहे," ते म्हणाले. "शिकाऊ उमेदवार नाही."

"म्हणून तर घरात विचारलं. प्रयोगशाळेत विचारलं असतं तर चारचौघांत झालं असतं."

यावर शून्यराव सज्जात गेले.

कळते पण वळत नाही, ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली, त्याच्या बोटांत त्या वेळी बहुधा काहीतरी पेटलेले असावे. शून्यरावांना कळले होते, त्या क्षणापासून पुरते कळले होते, की मागची सिगारेट जो कासावीसपणा मागे ठेवून जाते, तोच पुढची येऊन झाकते, आणि झाकल्याचे श्रेय घेते. कुंपणच शेत खात होते, आणि मालक कुंपणाला रंग देत होता. पण परीक्षा तोंडावर आलेली. 'आता सोडली तर हात अजून हलेल. परीक्षा होऊ दे, मग बघू.' सुंभ जळतो, पीळ राहतो.

आणि पीळही कसला, शास्त्रशुद्ध! तुला वापरण्याआधी ती खोलीच्या हवेत निवांत मुरू द्यावी लागते, तसे त्यांनी स्वतःलाही मुरवायचे ठरवले. परीक्षेच्या सकाळी ते टाकीमागे सर्वांआधी हजर झाले, आणि उंट वाळवंटात शिरण्यापूर्वी जसा पाणी पितो, तसे एकीला एक लावून ओढू लागले. पुढचे पाच-सहा तास पुरले पाहिजेत! हा बेत शून्यरावांच्या बुद्धीचा कळस होता. मागाहून ते सांगत, की उंटाला हे कळले असते तर त्याने लाजेने मान खाली घातली असती. आणि उंटाची मान खाली घालणे हे केवढे काम आहे!

थंडोबा आले तेव्हा शून्यरावांचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा झाला होता.

"बरं नाही का?"

"साठा करतोय," शून्यराव म्हणाले, आणि टाकीचा आधार घेऊन बसले. छाती धडधडत होती. थंडोबांनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला, काही अंश मनाशी ठरवले, आणि त्यांच्या हातातले पाकीट काढून घेतले.

दार बंद झाले. आत तिघेच: परीक्षकबाई, मोजणारे शून्यराव, आणि आकडे टिपणारी सून. परीक्षकबाई शांत, वयस्क, बोलण्यापेक्षा पाहण्याची सवय असलेल्या होत्या. खोलीतली ऊब स्थिरावेपर्यंत तिघेही उभे राहिले. शून्यरावांनी रिकामी तुला तपासली. ती शून्यावर होती. त्या खोलीत तेवढी एकच.

पहिली वजने ठीक गेली. छातीतली धडधड ओसरली, आणि शून्यरावांनी मनात उंटाचे आभार मानले. परंतु साठा म्हणजे तरी काय, गळके मडके ते. दिवस वर येऊ लागला तशी बोटांच्या टोकांना त्या ओळखीच्या मुंग्या आल्या. मग मनगटाला. मूळ वजन उचलून पारड्यावर नेत असता चिमट्याचे टोक पारड्याच्या कडेला लागले.

किण.

त्या खोलीत हा आवाज म्हणजे भर सभेत ताट पडावे तसा. तुला डोलू लागली. सुनेची पेन्सिल थांबली. परीक्षकबाईंनी मान वर केली. त्यांनी शून्यरावांकडे पाहिले नाही, भिंतीकडे पाहिले.

"बाहेरून एखादं अवजड वाहन गेलं का?"

हा प्रश्न प्रामाणिक होता की ती एका वयस्क माणसाने दुसऱ्याला दिलेली वाट होती, हे शून्यरावांना कधीच कळले नाही. वाट मात्र सरळ होती. 'हो' म्हणायचे, त्या एका मोजणीवर काट मारायची, पुन्हा वजन ठेवायचे. पुन्हा किण झाले, तर पुन्हा वाहन. खोली वाचत होती. फक्त ज्या वजनावर उद्या बाजारातले सगळे तराजू विसंबायचे, ते एका थरथरत्या हाताने ठरलेले असणार होते, आणि हे जगात दोघांनाच ठाऊक असणार होते. दुसरी व्यक्ती टिपणवहीवर मान घालून बसली होती, आणि काहीच म्हणत नव्हती.

"नाही बाई," शून्यराव म्हणाले. "रस्ता शांत आहे. हलतोय तो मी."

परीक्षकबाईंनी भिंतीवरची नजर काढून त्यांच्याकडे वळवली.

"मोजणारा हा उपकरणाचाच भाग असतो, असं मी सगळ्यांना शिकवत आलो. आजचं हे उपकरण सदोष आहे. सिगारेटचा हात आहे हा." त्यांनी चिमटा मेजावर ठेवला. तो ठेवतानाही वाजला. "हिचा हात चांगला आहे. माझी सून आहे, तेव्हा माझ्या शब्दाला किंमत देऊ नका. तुम्हीच बघा."

"मोजणारा बदलला तर पहिल्यापासून करावं लागेल," परीक्षकबाई म्हणाल्या.

"करू या," सून म्हणाली. तिने हातमोजे चढवले, रिकाम्या तुलेपाशी गेली, वाकून पाहिले आणि सवयीने विचारावे तसे म्हणाली, "सर, शून्य बघितलंत?"

"तू बघ," ते म्हणाले. "माझ्यावर विसंबू नकोस."

आता दार तर उघडायचे नाही. शून्यरावांना कोपऱ्यातल्या तिवईवर बसवण्यात आले. ज्या खोलीत ते राजा होते, तेथे आता त्यांचे काम एकच, ऊब न देणे. मधून सून हळूच म्हणे, "सर, श्वास जरा सावकाश," आणि राजे श्वास सावकाश घेत. कासाविशी आली. तिने त्यांना पुरते धरले. आता आपण ओरडणार, दार फोडणार, टाकीपर्यंत धावत जाणार, असे त्यांना वाटले. काहीच करता येण्यासारखे नसल्यामुळे त्यांनी काही केले नाही. समोर काटा झुलत होता, उजवीकडे, डावीकडे, प्रत्येक वेळी थोडा कमी. सून हात मागे बांधून उभी होती. शून्यरावांनी आयुष्यभर पाहिलेली गोष्ट त्यांना जणू प्रथमच दिसली: झुलणाऱ्या काट्याला थांबवण्यासाठी कोणी हात लावला, की तो नव्याने झुलू लागतो. त्यांच्या छातीतही एक काटा झुलत होता. आणि तो थांबावा म्हणून दर थोड्या वेळाने त्याला बोट लावणारा शहाणा कोण, हे सांगायला परीक्षक नको होता.

बोट लावायला या वेळी जागाच नव्हती. लाट चढली, टेकली, आणि कोणी काही न करता उतरली. मग दुसरी आली. तीही उतरली. शून्यराव तिवईवर बसून पाहत राहिले. इतका लज्जित आणि इतका कुतूहलाने भरलेला मनुष्य त्या खोलीत पूर्वी बसला नसेल.

दार उघडले तेव्हा बाहेर ऊन तिरपे झाले होते. आकडे उत्तम जुळले. खोली राहिली, मात्र मोजणारी म्हणून तिच्यावर नाव सुनेचे लागले, आणि शून्यरावांचा हात पुन्हा तपासल्याखेरीज त्याने चिमटा धरायचा नाही असे ठरले. जाताना परीक्षकबाई त्यांना एवढेच म्हणाल्या, "माझे यजमान ओढायचे." आणि त्या चालू लागल्या.

त्यानंतरचे दिवस वर्णन करण्याजोगे नव्हेत, असे त्यांच्या पत्नीचे मत आहे. पहिल्या आठवड्यात ते ओल्या टॉवेलवरून भांडले, कोरड्या टॉवेलवरून भांडले, आणि टॉवेल मिळेना तेव्हा रडले. थंडोबा टाकीमागे एकटे उभे राहू लागले. मग त्यांच्या ध्यानात आले, की सोबत करायला कोणी नसेल तर आपल्याला ओढायचे कारणच उरत नाही, आणि ते बुचकळ्यात पडून पाऱ्याकडे परतले. मध्ये एकदा शून्यरावांनी अर्धी सिगारेट ओढली. ती संपण्यापूर्वीच ती संपल्याची काळजी सुरू झाली, तेव्हा ते स्वतःलाच हसले. घरी येऊन त्यांनी ते सांगितलेही. कोणी विचारले नव्हते.

हळूहळू एक विचित्र गोष्ट घडली. काळजी कमी झाली. गेली नाही, कुलूप ते अजून दोनदा ओढून पाहतात. पण पूर्वी ती घरात ठाण मांडून बसे. आता पाहुणीसारखी येते, आणि पत्नी म्हणतात त्याप्रमाणे, चहा न दिल्यास जाते. पत्नींनी त्यांच्या हाती एकदा सुई दिली. त्यांनी मण्यांची एक ओळ शिवली. ओळ वाकडी आली.

"हात हलला वाटतं," त्या म्हणाल्या.

"नाही गं. हात स्थिर आहे. शिवणं येत नाही."

"मग ठीक आहे. ते शिकवता येतं," असे म्हणून त्यांनी ओळ उसवली आणि दोरा पुन्हा त्यांच्या हाती दिला. पलीकडे सून खिडकीशी उभी राहून काही न बोलता हसत होती.

त्या घरातल्या तिघांना, आणि दूर बंदरावरच्या चौथ्याला, शांत झोप लाभो. थंडोबांना सोबत लाभो, पण धुराविना. आणि आज जो कोणी आडोशाला उभा राहून कासावीस होत असेल, त्याच्या पदरात थोडा निवांतपणा पडो, आणि तो पडेपर्यंत त्याच्यावर कोणी रागावू नये.